मुंबई ते केपटाउन स्वतःच्या बाइकवर : कार्नेट, परवाना आणि कागदांचा क्रम

बाइक घेऊन एकट्याने आफ्रिकेला जायचं म्हटलं की गप्पा सुरू होतात त्या टायर, पॅनियर (बाजूच्या सामानपेट्या) आणि क्रॅशगार्डवरून. ही कामं चांगल्या मेकॅनिककडे महिनाभरात उरकतात. घोडं अडतं ते कागदांवर, आणि त्यातही कागद मागेपुढे काढले की. म्हणून इथे गाडीची तयारी कागदांच्या बाजूने सांगतो. त्यातला मुख्य कागद म्हणजे कार्नेट, गाडी शुल्क न भरता परदेशात नेऊन बाहेर काढायच्या हमीची पुस्तिका. उदाहरणाला मोम्बासा ते केपटाउन हा मार्ग घेऊ : केनिया, टांझानिया, झांबिया, बोत्सवाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका. इथून निघून पाकिस्तान किंवा म्यानमारमार्गे जमिनीवरून बाहेर पडायचा विचार आज सोडूनच द्यावा लागतो. त्यामानाने न्हावाशेवाहून पेटीत घालून मोम्बासाला गाडी पाठवणं सरळ आहे. शिवाय या सहाही देशांत वाहतूक आपल्यासारखी डावीकडून चालते, हे एकट्या स्वाराला फार सोयीचं.

अर्ज कोण करू शकतो

आरसी तुमच्या नावावर असावी, हे पहिलं. भावाची किंवा मित्राची गाडी नेता येते, पण मग मालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र प्रत्येक टेबलावर दाखवत बसावं लागतं. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर बँकेचा बोजा दिसतो. अशा वेळी एक तर कर्ज फेडून बोजा उतरवा, नाहीतर गाडी देशाबाहेर न्यायला हरकत नाही असं बँकेकडून लेखी घ्या. शाखेतल्या साहेबांनी असं पत्र आधी कधी दिलेलं नसतं, त्यामुळे ते मुख्य कार्यालयाकडे बोट दाखवतात. त्यासाठी वेळ हाताशी ठेवा.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती प्रवासाच्या मध्येच संपत असेल तर आधी नूतनीकरण करून घ्या. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरपाटी बसवलेली हवी आणि ई-चलनं भरलेली हवीत, नाहीतर आरटीओतली पुढची कामं अडतात. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतरही किमान सहा महिने उरली पाहिजे आणि कोरी पानं भरपूर हवीत. लागतील ते व्हिसे आणि सहा देशांचे शिक्के म्हणजे बरीच पानं सहज भरतात.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना

हे सगळ्यात सोपं काम आहे. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज भरायचा (नमुना ४-ए), फी १,००० रुपये, आणि परवाना तुमच्या आरटीओकडून मिळतो. मूळ लायसन्स, पासपोर्ट आणि फोटो लागतात. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि व्हिसा यांची अट केंद्राने जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने काढली. तरी खिडकीवर कोणी मागितलंच, तर वाद घालण्यापेक्षा अधिसूचनेची प्रत पुढे सरकवावी.

मुदत एक वर्ष किंवा मूळ लायसन्स संपेपर्यंत, यातलं जे आधी असेल ते. हातात पडल्याबरोबर एकच गोष्ट बघा : ‘ए’ गटापुढे, म्हणजे मोटारसायकलपुढे, शिक्का आहे ना. ज्यांच्याकडे कार आणि बाइक दोन्हींचं लायसन्स असतं, ते कारसमोरचा शिक्का बघून निर्धास्त होतात. मूळ लायसन्स बरोबर न्यायचंच, त्याच्याशिवाय हा परवाना कामाचा नाही.

कार्नेट : खरं काम इथे आहे

परदेशी गाडी एखाद्या देशात शिरली की तिथल्या सीमाशुल्क खात्याच्या नजरेत ती आयात असते. तिच्यावर शुल्क न भरता ठराविक मुदतीपुरती आत येऊन बाहेर जायची हमी म्हणजे कार्नेट. त्यामागे १९५४ चा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि ही व्यवस्था त्या त्या देशाच्या ऑटोमोबाइल संघटनांमार्फत चालते. आपल्याकडे महाराष्ट्र-गोव्यातल्या स्वारांना जवळची संघटना म्हणजे मुंबईत चर्चगेटची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन.

अर्जाबरोबर आरसी, पासपोर्ट, लायसन्स, गाडीची किंमत दाखवणारा कागद, गाडीचे फोटो आणि जाणार असलेल्या देशांची यादी द्यायची. सोबत सुरक्षा ठेव किंवा बँक हमी. ती गाडीच्या किमतीवर आणि यादीतल्या देशांच्या शुल्कदरावर ठरते, त्यामुळे ‘जाऊ कदाचित’ म्हणून एखादा देश यादीत टाकला तर तोही पैशांत मोजला जातो. बँक हमीसाठी बँक मुदत ठेव अडकवून ठेवते. ही रक्कम प्रवासखर्चात धरू नका, ती परत यायची आहे. पण वर्षभर हात लावता येणार नाही एवढी तयारी मात्र ठेवा.

पुस्तिका ५, १० किंवा २५ पानांची मिळते. एका पानाचे तीन भाग. खालचा भाग देशात शिरताना कस्टमवाला फाडून घेतो, मधला बाहेर पडताना. वरचा भाग पुस्तिकेतच राहतो आणि त्यावर शिरण्याचा आणि निघण्याचा असे दोन शिक्के पडतात. हे दोन शिक्के म्हणजेच तुमची सुटका. निघण्याचा शिक्का राहिला तर त्या देशाच्या हिशेबी गाडी तिथेच विकली गेली. मग शुल्काची मागणी संघटनेकडे येते आणि ती तुमच्या ठेवीतून भागते. गाडी चोरीला गेली तरीही नुसत्या पोलिस तक्रारीने या जबाबदारीतून आपोआप सुटका होत नाही.

पानं मोजून घ्या. आपल्या मार्गावर देश सहा आहेत, पण बोत्सवाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका एकाच सीमाशुल्क संघात येतात (लेसोथो आणि एस्वातिनीही त्यातच). तिथे संघात शिरताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा, एवढाच व्यवहार. म्हणजे केनिया, टांझानिया, झांबिया आणि हा संघ मिळून चार पानं. पाच पानांची पुस्तिका पुरते असं वाटतं. पण वाटेत युगांडा बघून परत केनियात यायचं मनात आलं की दोन पानं वाढली आणि पुस्तिका अपुरी पडली. एकट्याने फिरणारा माणूस वाट बदलतोच, तेव्हा सरळ दहाचीच घ्या.

मुदत एक वर्ष, आणि ती मोजली जाते पुस्तिका दिल्याच्या तारखेपासून. जहाजाची तारीख नक्की झाल्यावरच कार्नेट हातात घ्या. समुद्रप्रवास आणि दोन्हीकडच्या बंदरांत आठवड्यांमागून आठवडे जातात, आणि ते याच वर्षातून वजा होतात. आणखी एक : कार्नेटची मुदत वर्षाची असली तरी प्रत्येक देश गाडीला किती दिवस राहू देणार ते तो देश ठरवतो. शिक्क्याजवळ हाताने लिहिलेली तारीख टेबल सोडायच्या आधी वाचायची.

गाडीचे नंबर आणि गाडीचं रूप

कार्नेटच्या पहिल्या पानावर गाडीचं वर्णन असतं : कंपनी, वर्ष, वजन, चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग, सीटची संख्या, अगदी सीटचं कव्हर आणि जादा टायरसुद्धा. म्हणून गाडीतले सगळे बदल अर्ज करण्याआधी संपवा. रंग बदलला असेल तर आधी आरसीत नोंद करा. इंजिन किंवा क्रँककेस बदलली असेल तर नव्या नंबरची नोंद झाल्याशिवाय पुढे सरकूच नका. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात असू द्या, कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. पॅनियर आणि टॉप बॉक्सला कोणी हरकत घेत नाही, पण नंबरप्लेट झाकली जाता कामा नये.

आता हँडलखाली वाकून फ्रेमच्या मानेवरचा चेसिस नंबर वाचून बघा. पाच-सहा वर्षं वापरलेल्या गाडीवर तो ग्रीस, धूळ आणि गंजाखाली गेलेला असतो. वर जादा दिव्यांच्या वायरी आणि झिप टाय. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, वायरी बाजूला न्या आणि पेन्सिल घासून ठसा घ्या. प्रत्येक अंक ठशात उमटला पाहिजे. ३ आणि ८ मध्ये शंका राहिली तर तीच शंका मोम्बासाच्या गोदामात ऊन-घामात निस्तरावी लागेल. सँडपेपर मात्र लावू नका, घासलेला नंबर बघून अधिकारी गाडी चोरीची समजेल. खाली बॅशप्लेट (इंजिनाखालची संरक्षक पत्रा-प्लेट) बसवताना इंजिन नंबर झाकला जातो का तेही बघा. झाकला जात असेल तर चार बोल्टांत निघेल अशी प्लेट घ्या.

मागे ‘आयएनडी’ अक्षरांचा पांढरा लंबगोल स्टिकर लावायचा.

पेटी आणि बंदर

इथे सीएचए म्हणजे कस्टम्स एजंट लागतोच. बाइकवर कार्नेटखाली काम केलेला शोधा. नुसता ‘एक्स्पोर्ट करतो’ म्हणणारा माणूस तुमची गाडी विक्रीच्या मालासारखी कागदावर घालेल, आणि परतताना त्याचा त्रास होईल. टाकी रिकामी, बॅटरीचे टर्मिनल सोडवून झाकलेले, पुढचं चाक, आरसे आणि काच काढून पेटी जितकी छोटी होईल तितकी करा. भाडं आकारमानावर लागतं. पेटीचं लाकूड उष्णताप्रक्रिया केलेलं, आयएसपीएम १५ चा (लाकडातून कीड पसरू नये म्हणूनच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) शिक्का असलेलं हवं, नाहीतर बंदरावर पेटीच अडते. पेटीत ठेवलेल्या सुट्या भागांची आणि अवजारांची यादी करून तिच्यावर इथल्या कस्टमचा शिक्का मागा.

मोम्बासाला गाडी सोडवणारा एजंट आधीच ठरवा. त्याला लेखी कळवा की गाडी कार्नेटवर आत येणार आहे, आयात नाही. तुम्ही उशिरा पोचलात तर बंदराचं दिवसाचं भाडं चढत जातं, तेव्हा विमानाचं तिकीट जहाजाच्या दोन दिवस आधीचं काढा.

सीमेवर

नामांगाला केनिया आणि टांझानियाची कार्यालयं एकाच आवारात आहेत. झांबेझीवरच्या काझुंगुला पुलापाशीही (२०२१ मध्ये खुला झाला) झांबिया आणि बोत्सवानाचं तसंच. सोय मोठी आहे, पण गर्दीत माणूस थेट पुढच्या देशाच्या टेबलाशी जातो आणि मागच्या देशाचा निघण्याचा शिक्का राहून जातो. आधी मागचा देश, मग पुढचा. पासपोर्टवर शिक्का पडला म्हणजे कार्नेटवर पडला असं समजू नका, त्या दोन वेगळ्या खिडक्या आहेत.

विम्याचं थोडक्यात. आपल्या पॉलिसीला जादा हप्ता भरून नेपाळ-भूतानसारखे शेजारी देश जोडता येतात, आफ्रिकेत ती चालत नाही. केनियातच कोमेसाचं, म्हणजे पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांच्या व्यापारगटाचं, यलो कार्ड नावाचं विमापत्र घ्या, ते टांझानिया आणि झांबियातही चालतं. दक्षिण आफ्रिकेत अपघातातल्या इजेच्या भरपाईचा निधी पेट्रोलवरच्या आकारातून उभा राहतो. मात्र समोरच्याच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस आणि तिचं प्रमाणपत्र जाताना लागतं, आणि परत येताना भारतच जास्त काटेकोर असतो : प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. लस घेतल्यावर दहाव्या दिवसापासून ते ग्राह्य धरतात, त्यामुळे आदल्या आठवड्यावर ढकलू नका. एकदा घेतली की जन्मभर चालते.

एकट्याने जाताना एक कागद जास्त ठेवा. आजारपणात तुम्हाला गाडी तिथेच टाकून विमानाने यावं लागलं तरी कार्नेटची जबाबदारी चालूच राहते. मोम्बासा आणि केपटाउनच्या एजंटांच्या नावाने सही केलेलं अधिकारपत्र आणि सगळ्या कागदांच्या स्कॅन प्रती घरातल्या एका माणसाकडे देऊन ठेवा. त्या माणसाला कार्नेटची संपण्याची तारीख पाठ असली पाहिजे. मुदतवाढ मिळू शकते, पण तिचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी संघटनेकडे जावा लागतो.

केपटाउनहून गाडी जहाजात चढण्याआधी दक्षिण आफ्रिकेच्या कस्टमचा निघण्याचा शिक्का घ्या. न्हावाशेवाला परत आल्यावर जातानाची शिपिंग बिलाची प्रत आणि सुट्या भागांची यादी दाखवायची. तीच गाडी परत आली हे नंबरांवरून पटलं की आयात शुल्काचा प्रश्न मिटतो. मग कार्नेटची पुस्तिका चर्चगेटला जमा करून पोच घ्यायची. प्रत्येक पानावरचे दोन-दोन शिक्के तपासल्यावर संघटना हमी मोकळी करते. त्या पत्राची प्रत बँकेत स्वतः नेऊन द्या आणि मुदत ठेवीवरचा बोजा उतरल्याचं लेखी मागा.