कीटकांचा बॉक्स अभ्यासक्रमात कुठून आला?

कृषी महाविद्यालयात शिकलेल्या कुणालाही ‘इन्सेक्ट बॉक्स’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एन्टॉमॉलॉजीचं म्हणजे कीटकशास्त्राचं प्रॅक्टिकल सुरू झालं की कापडी जाळी, कीटक मारायची किलिंग बॉटल, बारीक टाचण्या आणि तळाला थर्माकोल लावलेली, काचेच्या झाकणाची पेटी जमवायची. सत्र संपेपर्यंत ठरलेल्या संख्येइतके कीटक पकडायचे, गणांनुसार म्हणजे भुंगे, फुलपाखरं, माश्या अशा मोठ्या गटांनुसार लावायचे, कोपऱ्यात डांबरगोळी ठेवायची आणि तोंडी परीक्षेला पेटी परीक्षकांपुढे मांडायची. आज या पद्धतीला दोन प्रश्न विचारले जातात. एवढे जीव मारायचे कशाला? आणि प्रत्येकाच्या मोबाइलला कॅमेरा असताना पेटी हवीच कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण उत्तर द्यायचं तर ही पेटी अभ्यासक्रमात का आली ते आधी पाहायला हवं. मागचा इतिहास चाळला की माझं मत पक्कं होतं: पेटी आली ती टाचणीखालच्या चिठ्ठीसाठी. कुठे सापडला, कधी सापडला, कशावर सापडला, कुणी धरला, एवढंच त्या चिठ्ठीवर असतं. आणि वर टोचलेला कीटक तिची साक्ष देतो.

संग्रहाची हौस युरोपात जुनी. १७००च्या सुमाराला लंडनमध्ये जेम्स पेटिव्हर नावाचा औषधविक्रेता होता. जहाजांवरच्या डॉक्टरांना आणि खलाशांना तो छापील सूचना द्यायचा: किडे कसे धरावेत, कसे टिकवावेत, कसे पाठवावेत. फुलपाखरं तो वनस्पतींसारखी दाबून अभ्रकाच्या पातळ पत्र्यांमध्ये ठेवायचा. मद्रासच्या किल्ल्यातल्या कंपनीच्या डॉक्टरकडूनही त्याला वनस्पतींचे नमुने येत. पुढे १७५८मध्ये लिनियसने प्राण्यांना दोन शब्दी नावं द्यायची रीत घालून दिली आणि संग्रहाला नवं काम मिळालं. १७६८मध्ये लिनियसचाच शिष्य योहान कोनिग तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत डॉक्टर म्हणून आला. तंजावर भागातल्या वाळवीवर त्याने १७७९मध्ये लिहिलं. भारतातल्या वाळवीचा हा अगदी सुरुवातीचा शास्त्रीय अभ्यास. त्याने पाठवलेल्या कीटकांना लिनियसचा दुसरा शिष्य फॅब्रिशियस नावं देत होता.

त्या काळातल्या कित्येक वर्णनांत कीटकाचं ठिकाण म्हणून फक्त ‘पूर्वेकडचा हिंदुस्थान’ एवढंच लिहिलेलं सापडतं. कुठला जिल्हा, कुठलं झाड, पावसाळा की उन्हाळा, काही नाही. नाव मिळालं, पण तो प्राणी जगतो कसा, याची एक ओळही मिळाली नाही. हौशी संग्रह आणि शास्त्रीय संग्रह यांतला फरक इथे दिसतो, आणि पुढची दीडशे वर्षं हा फरक मिटवण्यात गेली.

एक उदाहरण आपल्या कापूसपट्ट्याला थेट लागू आहे. १८४०च्या सुमाराला कंपनी सरकार मुंबई इलाख्यात कापसाचे प्रयोग करत होतं. भरूचच्या सरकारी कापूस लागवडीत बोंडं आतून पोखरणारी अळी दिसली. तिथल्या अधिकाऱ्याने तिचे पतंग लंडनला पाठवले आणि १८४३मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स या इंग्रज कीटक अभ्यासकाने त्यांचं वर्णन छापलं. तीच ही गुलाबी बोंडअळी. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना २०१७च्या हंगामात जिने रडवलं, तिची शास्त्रातली पहिली नोंद भरूचच्या शेतातून गेलेल्या नमुन्यांवर उभी आहे. कोणतं पीक, कोणतं ठिकाण, झाडाचा कोणता भाग, हे नमुन्याबरोबर गेलं म्हणून ती नोंद आजही उपयोगी पडते.

विद्यार्थ्याने स्वतः संग्रह करावा, ही कल्पना मात्र वेगळ्या वाटेने आली. तरुणपणी भुंगे गोळा करण्याचा नाद तर केंब्रिजमधल्या डार्विनलाही होता, वॉलेस आणि बेट्स या निसर्ग अभ्यासकांनाही होता. पण तो वर्गाबाहेरचा उद्योग. वर्गात त्याला जागा मिळाली ती मुख्यतः अमेरिकेत. हार्वर्डमध्ये प्राणिशास्त्राचा प्राध्यापक लुई अगासी याच्याकडे सॅम्युअल स्कडर हा मुलगा कीटक शिकायला म्हणून गेला. अगासीने त्याच्यापुढे एक मासा ठेवला आणि बघत बस म्हणून सांगितलं. दहा मिनिटांत सगळं पाहून झालं असं वाटलेल्या स्कडरला त्या माशासमोर तीन दिवस बसावं लागलं. हातात पेन्सिल घेऊन चित्र काढायला लागल्यावर कुठे त्याला नवं काही दिसू लागलं. हा अनुभव त्याने १८७४मध्ये लिहून ठेवला. पुढे तो नाकतोडे, फुलपाखरं आणि जीवाश्म कीटक यांचा मोठा अभ्यासक झाला. अशा शिक्षणात पुस्तकाआधी नमुना येतो, आणि नमुन्यासमोर बसण्याला पर्याय नसतो.

शेतीशिक्षणात हे रुजवण्याचं मोठं श्रेय कॉर्नेल विद्यापीठाच्या जॉन हेन्री कॉमस्टॉकला द्यावं लागेल. परक्यांच्या घरी वाढलेला, बोटींवर स्वयंपाक्याचं काम करून शिकलेला हा मुलगा. पिकांवरच्या किडींचं एक पुस्तक हाती लागलं आणि त्याचा रस्ता ठरला. १८७२मध्ये तो स्वतः विद्यार्थी असतानाच, त्याने कीटकांवर व्याख्यानं द्यावीत अशी मागणी इतर विद्यार्थ्यांनी केली आणि विद्यापीठाने ती मान्य केली. पुढे तिथे कीटकशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. १८८८मध्ये कॉमस्टॉकने जिवंत कीटक वाढवून त्यांच्या सवयी पाहण्यासाठी खास इमारत उभारली. त्याची बायको अ‍ॅना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक कीटकांची कोरीव चित्रं करायची आणि शाळेतल्या मुलांना निसर्ग शिकवण्याची चळवळही तिने चालवली. कॉमस्टॉकच्या या पद्धतीत पेटी आणि कीटक वाढवायचा पिंजरा बरोबरीने चालत. मेलेला कीटक ओळखायचा, जिवंत कीटक समजून घ्यायचा. आपल्याकडे येताना यातली पेटी आली आणि पिंजरा बराचसा मागे राहिला, असं मला वाटतं.

भारतात सरकारी कीटकशास्त्राची सुरुवात कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधून झाली. १८८९पासून तिथून किडींविषयीच्या टिपणांची मालिका निघू लागली. जिल्ह्याजिल्ह्यांतले अधिकारी पिकांवरच्या अळ्या डब्यांतून पाठवायचे, म्युझियम नाव कळवायचं. कामाचा पसारा वाढला आणि १९०१मध्ये फुलपाखरांचे जाणकार लायोनेल द निसेव्हिल यांची सरकारी कीटकशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात मलेरियाने त्यांचा मृत्यू झाला. १९०३मध्ये त्या पदावर हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय आला. हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकाने लॉर्ड कर्झनला तीस हजार पौंडांची देणगी दिली होती, तिच्यातून बिहारमध्ये पुसा इथे १९०५मध्ये शेती संशोधन संस्था उभी राहिली आणि लेफ्रॉयने कीटक विभाग तिथे नेला. १९०६मध्ये त्याचं किडींवरचं पुस्तक आलं. १९०९मध्ये फ्रँक हाउलेटबरोबर मैदानी भारतातल्या कीटकांवरचा जाडजूड ग्रंथ. त्याआधी भारतीय विद्यार्थ्याने आपल्या शेतातला कीटक ओळखावा असं एका ठिकाणी काही नव्हतंच.

पुसाच्या या हाउलेटची एक गोष्ट सांगायलाच हवी. डास चावू नयेत म्हणून लावलेल्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या धावून येतात, हे लक्षात आल्यावर त्याने त्याचा पाठपुरावा केला. येतात ते फक्त नर, हे १९१२मध्ये त्याने छापलं, आणि पुढे मिथिल युजेनॉल हे ओढून घेणारं द्रव्य शोधून काढलं. कोकणातल्या आंबा-चिकूच्या बागांत टांगलेल्या रक्षक सापळ्यात आजही तेच वापरतात. आलेल्या माश्या कोणत्या जातीच्या आणि त्यात मादी एकही नाही, हे कळायला माश्या धरून, नीट न्याहाळून वेगळ्या कराव्या लागल्या होत्या. संग्रहाची सवय असलेल्या माणसालाच हे सुचतं.

पुण्यात सायन्स कॉलेजातले शेतीचे वर्ग १८७९पासून होते, १९०७मध्ये स्वतंत्र कृषी महाविद्यालय झालं. अशा प्रांतिक कॉलेजांतल्या साहाय्यकांपुढे अडचण एकच होती: नाव पक्कं कोण करणार? १९१५पासून पुसाला तिथला सरकारी कीटकशास्त्रज्ञ बेनब्रिग फ्लेचर याच्या पुढाकाराने कीटकशास्त्रज्ञांच्या बैठका भरू लागल्या. प्रांताप्रांतांतून माणसं यायची, प्रत्येक पिकावरच्या किडींची यादी वाचली जायची, ही कीड तुमच्याकडे कुठल्या महिन्यात दिसते, आमच्याकडे ती दिसतच नाही, अशी चर्चा व्हायची आणि सगळं छापून निघायचं. १९१७ आणि १९१९च्या बैठकांचे अहवाल आज वाचले तरी थक्क व्हायला होतं. प्रत्येक विधानामागे कुणाच्या तरी पेटीतला, चिठ्ठी असलेला नमुना आहे. कोइमतूरचे टी. व्ही. रामकृष्ण अय्यर यांच्यासारखे भारतीय अभ्यासक याच मुशीत तयार झाले. १९१६मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली. १५ जानेवारी १९३४च्या भूकंपाने पुसाची इमारत मोडली, संस्था १९३६मध्ये दिल्लीला हलली आणि संग्रहही बरोबर गेला. ‘नॅशनल पुसा कलेक्शन’ म्हणून तो तिथे आजही वापरात आहे.

या सरकारी वाटेला समांतर आणखी एक वाट आपल्याच किनाऱ्यावर तयार होत होती, आणि विद्यार्थ्यांसाठी मला ती जास्त मोलाची वाटते. १८८३मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग होते, तसाच मीठ आणि जकात खात्यातला एडवर्ड हॅमिल्टन एटकेनही होता. कारवारच्या बाजूला नोकरीवर असताना एटकेन, सनदी अधिकारी डेव्हिडसन आणि वनखात्यातला टी. आर. बेल यांनी फुलपाखरांच्या अळ्या घरी वाढवल्या. कोणती मादी कोणत्या झाडावर अंडी घालते, अळी किती वेळा कात टाकते, कोष कसा दिसतो, हे सगळं त्यांनी सोसायटीच्या नियतकालिकात १८९०पासून लिहिलं. पश्चिम घाटातल्या कितीतरी फुलपाखरांची खाद्यवनस्पती आपल्याला ठाऊक आहे ती या कामामुळे. त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा होती ना कीटकशास्त्राची पदवी. डबे, ताजा पाला आणि रोजची नोंदवही, एवढ्यावर हे झालं.

स्वातंत्र्यानंतर राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथे कृषी विद्यापीठं झाली, कॉलेजं वाढली, विद्यार्थी वाढले. पेटी अभ्यासक्रमात राहिली आणि तिची कलाही टिकली. भुंग्याला टाचणी उजव्या पंखढालीतून म्हणजे वरच्या कडक पंखातून, ढेकूणवर्गातल्या किड्याला पाठीवरच्या त्रिकोणातून, नाकतोड्याला छातीच्या पुढच्या भागात उजवीकडे, फुलपाखराला छातीच्या मधोमध. मधोमध न टोचता उजवीकडे टोचण्यामागे साधं कारण आहे: एक बाजू मोडली तरी दुसरी ओळखीसाठी शाबूत राहावी. इवल्या कीटकाला टाचणी न लावता कागदी त्रिकोणाच्या टोकाला चिकटवायचं. अळ्या आणि मऊ अंगाचे कीटक सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. हे हाताने केलेला विद्यार्थी कीटकाचं शरीर विसरत नाही. पंख नीट पसरता पसरता माशीला दोनच पंख का मोजतात आणि मागच्या पंखांच्या जागी काय उरलेलं असतं, हे त्याला न सांगता दिसतं.

हरवली ती चिठ्ठी. गुण संख्येला आणि मांडणीला मिळू लागले, तसा सिनिअरचा बॉक्स ज्युनिअरकडे फिरू लागला. ट्यूबलाइटखाली पडलेले किडे गोळा झाले. चिठ्ठीवर गणाचं आणि किडीचं नाव आलं, तालुका आणि तारीख गळाली. मग परीक्षा झाल्यावर अशा पेटीचं कॉलेजने करायचं काय? पावसाळ्यात बुरशी धरते, संग्रह खाणारे बारीक भुंगे लागतात आणि पेटी टाकून द्यावी लागते. पुन्हा फॅब्रिशियसच्या ‘पूर्वेकडच्या हिंदुस्थाना’इतकीच माहिती, तीही संग्रहालयात न पोचता कचऱ्यात गेलेली. जीव मारण्यावरचा आक्षेप मला इथे पूर्ण पटतो. नोंदीवाचून मारलेल्या कीटकाचं समर्थन करता येत नाही.

कायद्यानेही काळ बदलला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत अनेक फुलपाखरं आहेत, आणि अभयारण्यात परवानगीवाचून जाळी फिरवणं गुन्हा आहे. २०१४मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातली विच्छेदनं थांबवायला सांगितली. महाराष्ट्राने २०१५मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. फुलपाखरं, चतुर, मोठे भुंगे यांच्यासाठी चांगला फोटो बहुतेक वेळा पुरतो, आणि फोटोला तारीख, ठिकाण आपोआप जोडलं जातं. या गटांचे नमुने विद्यार्थ्यांनी मारूच नयेत, असं मी ठामपणे म्हणेन.

पण शेतात नुकसान करणारे आणि शेतकऱ्याला मदत करणारे बरेचसे जीव फोटोला दाद देत नाहीत. फुलकिडे, तुडतुडे, करडे पतंग, अळीत अंडी घालणाऱ्या मिलिमीटरभर गांधीलमाश्या यांची जात सूक्ष्मदर्शकाखाली, कित्येकदा जननेंद्रियांच्या रचनेवरूनच ठरते. मे २०१८मध्ये कर्नाटकात मक्यावर नवी लष्करी अळी आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आली. डोक्यावरची उलट्या वायसारखी रेघ आणि शेवटाकडच्या खंडावरचे चौकोनातले चार ठिपके बघून शेतकरीही आता ती ओळखतो. पहिल्यांदा ती पक्की करायला मात्र अळ्या वाढवून पतंग काढावे लागले आणि नमुने तपासावे लागले.

म्हणून पेटी काढून टाकण्यापेक्षा ती लहान करावी, असं मला वाटतं. पन्नास टोचलेल्या किड्यांऐवजी एका विद्यार्थ्याला पाच अळ्या द्याव्यात. एकाच पिकावरच्या, त्याच्याच गावच्या शिवारातल्या. त्या त्याने हॉस्टेलच्या खोलीत डब्यात वाढवाव्यात, पाला रोज बदलावा, कात टाकल्याची तारीख लिहावी, फोटो काढावेत. पतंग बाहेर आला तर एक नमुना गाव, तालुका, पीक, तारीख आणि स्वतःचं नाव लिहून कॉलेजच्या कायमच्या संग्रहात जावा. अळी मेली आणि तिच्यातून गांधीलमाश्या निघाल्या, तर त्या अल्कोहोलच्या कुपीत ठेवाव्यात आणि कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. गुण द्यायचे ते या नोंदवहीला आणि या चिठ्ठीला.