टी-3 च्या दोन टाक्या: कूलंट भरायचे कोठे आणि पातळी पाहायची कोठे

फोक्सवॅगनची जुनी टी-3 कॅम्पर (राहण्याची सोय असलेली व्हॅन) बाळगणाऱ्यांना कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, का बदलायचे हे समजावण्याची गरज नाही. मात्र 1982 च्या अखेरीस आलेल्या, पाण्याने थंड होणाऱ्या पेट्रोल इंजिनाच्या या गाडीत कूलंटच्या दोन टाक्या आहेत, आणि ‘नंबरप्लेटमागची टाकी भरलेली आहे, म्हणजे कूलंट पुरेसे आहे’ हा समज इतक्या वेळा ऐकू येतो की आता त्याचा कंटाळा आला आहे.

जागेचा फरक किरकोळ आहे. एक टाकी इंजिनाच्या कप्प्यात आहे आणि दुसरी मागच्या उघडणाऱ्या नंबरप्लेटमागे, ऑइल ओतण्याच्या तोंडाशेजारी.

खरा फरक दाबाचा आहे. इंजिनाच्या कप्प्यातली, म्हणजे आतली, टाकी दाबाखालच्या यंत्रणेचाच भाग असते. पातळीचा सेन्सर तिच्यातच बसवलेला आहे आणि इंजिन थंड असतानाही ती काठोकाठ भरलेली असली पाहिजे. नंबरप्लेटमागच्या टाकीत दाब नसतो, ती निव्वळ साठा आहे. दोहोंमधली देवाणघेवाण पहिल्या टाकीच्या झाकणातून आणि एका बारीक नळीतून चालते. इंजिन तापून दाब सुमारे 1 बारच्या आसपास पोहोचला की झाकणातली झडप उघडते आणि प्रसरण पावलेले कूलंट साठ्यात जाते. इंजिन निवले की आतला दाब उतरतो, झाकणातली दुसरी, छोटी झडप उघडते आणि तेच कूलंट परत ओढले जाते. छोटी झडप अडकली तर ते परत येत नाही, आणि नळी तडकलेली असेल तर त्याच्या जागी हवा शिरते. मग साठ्याची टाकी तुडुंब, आतली टाकी अर्धी आणि डॅशबोर्डवर तापमानाच्या काट्याजवळचा लाल दिवा लुकलुकतो आहे, अशी स्थिती होते. आणि मालक नंबरप्लेट उघडून, भरलेली टाकी पाहून, सेन्सरलाच दोष देतो. नवा सेन्सर घेण्याचा सल्ला देणाऱ्यांनी आधी इंजिन पूर्ण थंड असताना आतल्या टाकीचे झाकण काढून पाहावे.

कूलंट बदलताना हाच घोळ अधिक महागात पडतो. इंजिन मागे, रेडिएटर पुढे आणि मधे गाडीखालून गेलेल्या लांब नळ्या, यामुळे या गाडीत सुमारे 16 ते 17 लिटर कूलंट मावते. निघालेले कूलंट बादलीत मोजावे. 8 लिटरच निघाले असेल तर निम्मे जुने अजून आतच आहे. नवे कूलंट आतल्या टाकीतूनच भरावे. गाडीचा पुढचा भाग उचललेला, हीटर पूर्ण उघडलेले आणि वरच्या जाळीमागचा रेडिएटरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल केलेला असावा. इंजिन मिनिटाला सुमारे 2000 फेऱ्यांवर ठेवून, स्क्रूपाशी बुडबुडे थांबेपर्यंत ओतत राहावे. आतली टाकी भरून झाकण लावल्यावरच साठ्याची टाकी दोन खुणांच्या दरम्यान भरावी. नंबरप्लेटमागून कितीही ओतले तरी रिकामी यंत्रणा भरत नाही.

कूलंटच्या रंगावर विसंबणाऱ्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर, फॉस्फेटविरहित कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घ्यावे, कारण या इंजिनाचे अ‍ॅल्युमिनियमचे हेड (सिलिंडरची टोके बंद करणारे भाग) गास्केटच्या सांध्यापाशी गंजतात. आणि निळसर हिरव्या जी-11 प्रकारच्या कूलंटमध्ये मूळचे लाल जी-12 प्रकारचे मिसळू नये, त्याचा तपकिरी गाळ होतो. झाकण मात्र दर वेळी नवेच बसवावे, असे माझे ठाम मत आहे. जुन्यातली छोटी झडप धड आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही.

त्यानंतरच्या काही फेऱ्यांत साठ्याची पातळी गरम असताना वर चढून थंड झाल्यावर पूर्ववत यायला हवी. झाकण आणि नळी ठीक असूनही ती दर फेरीला वाढतच गेली, तर आत हवा राहिली आहे किंवा हेडच्या गास्केटमधून ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. अशा वेळी जादा कूलंट काढून टाकण्याऐवजी पुन्हा एकदा हवा काढावी, आणि तरीही पातळी चढत राहिली तर कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू आहे का, याची चाचणी करून घ्यावी.