तीन आठवडे म्हणाले होते, सव्वीस वर्षं लागली

सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली त्याला दोनेक महिने झाले होते आणि ब्रिटनमधल्या मेंढ्यांच्या अंगात किरणोत्सारी सिझियम सापडलं होतं. म्हणून २० जून १९८६ ला ब्रिटिश सरकारनं जाहीर केलं की उत्तर वेल्स आणि वायव्य इंग्लंडमधल्या कंब्रियाच्या डोंगराळ भागातल्या मेंढ्या तीन आठवडे कापायच्या नाहीत आणि इकडून तिकडे हलवायच्याही नाहीत. कोकरं विकायचा खरा सीझन उन्हाळा संपता संपताचा, त्यामुळे तीन आठवडे म्हणजे काही फार नाही असं कुणालाही वाटलं असतं. वेल्समधली शेवटची बंधनं उठली १ जून २०१२ ला. म्हणजे त्या वर्षीच्या कोकराच्या खापरपणतूचे खापरपणतूसुद्धा बंदीतच वाढले.

हिशोब इतका कसा काय चुकला? तर त्याचं उत्तर मातीत आहे, अगदी शब्दशः मातीत, आणि ते समजून घ्यायला ट्राउसव्हनिद नावाच्या एका छोट्या गावाइतकी चांगली जागा नाही.

ट्राउसव्हनिद म्हणजे 'डोंगरापलीकडे'. स्पेलिंग बघून उच्चार करायला गेलात तर फजिती होते, वेल्श भाषेत एक एफ लिहिला की व्ह म्हणायचं आणि दोन डी शेजारी आले की इंग्रजी 'दॅट'मधला द. वर गंमत म्हणजे डोंगराला मूळ शब्द 'मनिद', पण मागे 'ट्राउस' लागला की म चा व्ह होतो. गाव उत्तर वेल्समध्ये, ज्या डोंगराळ पट्ट्याला इंग्रजीत स्नोडोनिया आणि वेल्शमध्ये एरारी म्हणतात तिथं. वस्ती हजाराच्या आतबाहेर, करड्या दगडाची घरं, आणि बोलणं अजून मुख्यतः वेल्शमध्ये. गावात एका मेंढपाळाचा पुतळा आहे. हेद विन हे त्याचं कवी म्हणून घेतलेलं नाव. ३१ जुलै १९१७ ला तो बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला आणि पाच-सहा आठवड्यांनी वेल्सच्या राष्ट्रीय काव्यस्पर्धेत पहिला आला. विजेत्याला तिथं कोरीव लाकडी खुर्ची मिळते, त्या दिवशी रिकाम्या खुर्चीवर काळं कापड घातलं गेलं. ती खुर्ची आजही त्याच्या गावाबाहेरच्या शेतघरात जपून ठेवलेली आहे. हे विज्ञानाच्या लेखात कशाला, असं म्हणाल, पण मेंढ्या राखणारा माणूस गावाचा हिरो असतो हे डोक्यात असलेलं बरं, नाहीतर पुढची सगळी गोष्ट नुसती मटणाच्या भावाची वाटेल.

आता जमीन. इथला खडक कॅम्ब्रियन काळातला, म्हणजे ५० कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि त्या काळाचं नावच मुळी वेल्सच्या जुन्या लॅटिन नावावरून, कॅम्ब्रियावरून, १८३५ साली ठेवलेलं आहे. त्यावरून हिमनद्यांनी कितीतरी वेळा रंधा मारला, शेवटचा बर्फ वितळला त्याला साडेअकरा हजार वर्षं झाली. त्यामुळे उंचावर माती पातळ, चुना जवळजवळ नाही, आणि वरून पाऊस सतत, मुख्य शिखरांवर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर, तोही आपल्यासारखा चार महिन्यांत बदाबदा पडून मोकळा होणारा नाही, बाराही महिने रिपरिप. असा पाऊस मातीतलं पोटॅशियम, कॅल्शियम वगैरे धुऊन नेतो आणि माती आंबट होत जाते. पाणी साचलेलं, हवा नाही, आंबट, थंड, अशा ठिकाणी मेलेलं गवत आणि शेवाळ धड कुजतच नाही. ते थरावर थर साचत जातं, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. हे पीट. आपण कुंडीत घालतो ते कोकोपीट नव्हे, ते नारळाच्या काथ्याचं, हे खरंखुरं पीट, काळंभोर, स्पंजासारखं. मीटरभर खोल पीट म्हणजे ढोबळमानानं हजार वर्षांचं गवत.

त्यामुळे इथलं शेत खालून वर असं तीन मजली असतं. खाली दरीत घराजवळची कुरणं, पिढ्यानपिढ्या चुना आणि खत घालून आंबटपणा मोडलेली, चिकणमातीची. त्याच्यावर मधला उतार, त्याला वेल्शमध्ये फ्रीद म्हणतात. आणि त्याच्याही वर उघडा डोंगर, हेदर नावाची झुडपं आणि राठ गवत. मधूनमधून चुना-सिमेंट न लावता नुसते दगडावर दगड रचलेले गडगे, कोकणात असतात तसेच, फक्त हे उभ्या डोंगरावर चढत जातात. हा तीन मजल्यांचा नकाशा लक्षात ठेवा.

आणि गावाच्या उशाला काय, तर अणुवीज केंद्र! १९२०च्या दशकात जलविद्युतसाठी धरण बांधून मोठा तलाव केला, आणि पुढे त्याच तलावाचं पाणी थंड करायला वापरून दोन अणुभट्ट्या बसवल्या. १९६५ पासून १९९१ पर्यंत त्यांनी वीज दिली. ब्रिटनमधली बाकी अणुवीज केंद्रं समुद्राच्या किंवा खाडीच्या आसपास, हे एकटंच डोंगरात. दोन प्रचंड काँक्रीटचे ठोकळे, बेसिल स्पेन्स या नावाजलेल्या आर्किटेक्टनं डोंगरात शोभतील असे काढलेले. शोभतात की नाही यावर मी काही बोलत नाही.

तर आता मेंढ्यांत किरणोत्सर्ग सापडल्यावर कुणाचीही पहिली नजर त्या ठोकळ्यांकडेच जाणार की नाही? पण सिझियमला एक सही असते. किरणोत्सारी सिझियमचे दोन प्रकार इथं कामाचे आहेत. सिझियम-१३७, जे निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात, आणि सिझियम-१३४, जे दोनच वर्षांत निम्मं होतं. दोघांच्या गॅमा किरणांची ऊर्जा वेगवेगळी, त्यामुळे चांगल्या डिटेक्टरला दोघं वेगळे दिसतात. चेर्नोबिलची भट्टी २६ एप्रिल १९८६ ला फुटली तेव्हा बाहेर पडलेल्या सिझियममध्ये १३४ हे १३७ च्या साधारण निम्म्यानं होतं. पन्नास-साठच्या दशकात अणुबॉम्बच्या चाचण्यांमधून जे पडलं होतं त्यातलं १३४ एव्हाना संपून गेलेलं होतं, म्हणजे कुठल्याही नमुन्यात १३४ किती आहे बघितलं की नवं किती आणि जुनं किती हे कळतं. जुनं होतंच, पण डोंगरांवर नव्यानं आलेलं सिझियम दोन हजार किलोमीटरहून लांबचं, चेर्नोबिलचं होतं.

आणि ते पावसानं आणलं. ढग नुसता डोक्यावरून निघून गेला असता तर फार थोडं खाली आलं असतं. पण २ आणि ३ मे ला तो ढग ब्रिटनवर असताना नेमका उत्तर वेल्स, कंब्रिया आणि स्कॉटलंडच्या काही भागात जोराचा पाऊस झाला आणि हवेतले कण धुऊन त्यानं जमिनीवर आणून टाकले. एका दरीत पाऊस तर पलीकडच्या दरीत कोरडं, त्यामुळे नकाशावर डाग पडल्यासारखं झालं.

इथपर्यंत सरकारी शास्त्रज्ञांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढे. त्यांचा अंदाज असा होता की सिझियम एकदा मातीत गेलं की मातीत अडकतं, मुळांना मिळत नाही, मग नवं गवत उगवेल ते स्वच्छ असेल आणि काही आठवड्यांत मेंढ्याही स्वच्छ होतील. हा अंदाज हवेतला नव्हता, पण तो चिकणमातीचा होता. चिकणमातीत अभ्रकासारखी पापुद्र्यांची खनिजं असतात, इलाइट वगैरे. जुन्या वहीची पानं कशी कडेनं फुगून सुटी होतात, तशा या पापुद्र्यांच्या कडा झिजून उघडलेल्या असतात. सिझियमचा आयन त्या फटीत अगदी मापात बसतो, आत सरकतो आणि वही मिटल्यासारखी होते. मग मुळानं कितीही ओढलं तरी तो लवकर बाहेर येत नाही.

पीटमध्ये ही वहीच नाही. तिथं आहे तो अर्धवट कुजलेला पाचोळा, तो सिझियमला धरतो पण हलक्या हातानं, कुणीही मागितलं की देऊन टाकतो. आणि मागणारे तयारच असतात, कारण आवर्तसारणीत सिझियम हा पोटॅशियमचा भाऊबंद, त्याच उभ्या रांगेतला, आणि या धुऊन निघालेल्या मातीत झाडं पोटॅशियमला कायम भुकेली. भुकेल्या मुळांना दोघांतला फरक नीट कळत नाही, ती सिझियमही ओढून घेतात. गवत मेंढी खाते, मेंढीच्या लेंड्या परत पीटवर, उरलेलं गवत वाळून परत पीटवर, मुळं परत ओढायला हजर. एकाच वाड्यात भांडी फिरावीत तसं हे सिझियम वर्षानुवर्षं डोंगरावरच फिरत राहिलं. खालच्या मजल्यावर त्याच पावसातलं तेच सिझियम केव्हाच चूप बसलं होतं.

मटणातल्या सिझियमची मर्यादा ठरली होती किलोमागे १००० बेकेरेल. एक बेकेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणे, म्हणजे एकक तसं फारच बारीक आहे. आपल्या स्वतःच्या अंगात नैसर्गिक पोटॅशियममुळेच ४००० च्या आसपास बेकेरेल असतात, एका केळ्यात पंधराएक. त्यामुळे हजाराच्या वर गेलेली मेंढी खाल्ली आणि माणूस आडवा झाला असलं काही नव्हतं, मर्यादा वर्षानुवर्षं खाणाऱ्यांचा विचार करून मुद्दाम कडक ठेवलेली होती. पण नियम तो नियम, आणि सुरुवातीला ब्रिटनभरात सुमारे ९,८०० शेतं आणि ४० लाखांवर मेंढ्या त्यात सापडल्या. त्यातली निम्म्याहून जास्त शेतं वेल्समधली.

मेंढी न कापता मटणातलं सिझियम कसं मोजणार? तर दगडी वाड्यात कळप कोंडायचा. एकानं मेंढी मानेकडून धरून गुडघ्यांत दाबायची, दुसऱ्यानं डिटेक्टर तिच्या पुठ्ठ्यावर, जिथं मांस जाड असतं तिथं, टेकवून धरायचा. आत सोडियम आयोडाइडचा स्फटिक, गॅमा किरण आपटला की त्यात बारीकशी चमक उठते, ती मोजायची. काही सेकंदांचं काम, पण मेंढी ओली, बिथरलेली, लाथा झाडणारी, आणि मागे तीनशे जणी रांगेत. जिवंत मेंढीवरचं मोजमाप थोडं इकडेतिकडे होतं म्हणून प्रत्यक्षात हजाराच्या बऱ्याच खालीच रेघ ओढलेली होती. रेघेच्या वर गेली की लोकरीवर रंगाचा पट्टा मारायचा. पट्टेवाली खाण्यासाठी कापायची नाही. या सगळ्या उस्तवारीचे मेंढपाळाला मिळायचे मेंढीमागे १ पाउंड ३० पेन्स, आणि ही रक्कम इतकी वर्षं तिथल्या तिथेच राहिली, हे मला सिझियमपेक्षा जास्त टोचतं.

मग डोंगरावरून मेंढ्याच काढून टाकायच्या ना, असं शहरातल्या माणसाच्या डोक्यात पहिलं येतं. माझ्याही आलं होतं. पण वरच्या उघड्या डोंगराला बऱ्याच ठिकाणी कुंपण नाही, आणि तरी प्रत्येक कळप आपापल्याच हद्दीत चरतो, कारण मेंढीला तिची जागा माहीत असते. आई कोकराला बरोबर घेऊन फिरते, ते कोकरू मोठं होऊन आपल्या कोकराला घेऊन फिरतं, हद्द अशी शिकवली जाते. या ओळखीच्या जागेला वेल्शमध्ये 'कनेव्हिन' म्हणतात, आणि तोच शब्द माणसाच्या गावासाठीही वापरतात. एकदा कळप काढला की ती शिकवणीची साखळीच तुटली, नवीन मेंढ्या विकत आणून सोडल्या तर त्या कुठंही भटकतील. म्हणून डोंगर रिकामा करणं हा पर्यायच नव्हता.

नॉर्वेत दुसरी युक्ती केली. तिथं मेंढ्यांना आणि रेनडिअरना प्रशियन ब्लू खायला दिलं, हो, चित्रकारांचा तोच निळा रंग, तो पोटात सिझियमला पकडतो आणि लेंड्यांतून बाहेर नेतो. वेल्समध्ये मात्र जे चाललं ते त्याहून साधं होतं. मेंढीच्या अंगात गेलेलं सिझियम तिथं तीस वर्षं बसून राहत नाही, पोटॅशियमसारखंच ते लघवीतून आणि लेंड्यांतून जात असतं, आणि स्वच्छ चारा मिळाला तर साधारण दहा दिवसांत निम्मं होतं. म्हणजे २४०० बेकेरेलची मेंढी खाली दरीतल्या कुरणात आणली तर दहा दिवसांनी १२००, वीस दिवसांनी ६०० आणि महिन्याभरात ३००. तीन मजल्यांपैकी खालच्या मजल्यावर चिकणमातीची वही असतेच, गवत स्वच्छच. विकायच्या आधी काही आठवडे खाली ठेवा, परत मोजा, पट्टा नाही लागला की बाजारात.

२०१२ ला बंधनं उठली तेव्हा डोंगर काही साफ झालेला नव्हता. साधा हिशोब करा, तीस वर्षांत निम्मं होणाऱ्या सिझियम-१३७ मधलं सव्वीस वर्षांनी अजून ५५ टक्के उरतं. तोवर उत्तर वेल्समधली सव्वातीनशेच्या आसपास शेतं यादीत शिल्लक होती. मोजमापांवरून दिसलं की मर्यादेवर जाणाऱ्या मेंढ्या आता तुरळक आहेत आणि खाणाऱ्याला धोका नगण्य आहे, म्हणून मोजणी थांबली.

खाली-वरच्या या येण्याजाण्याला वेल्श मेंढपाळांकडे चेर्नोबिलच्या कितीतरी आधीपासून शब्द आहेत. हिवाळ्यात राहायचं दरीतलं घर ते 'हेन्द्रे', आणि मे महिन्यात गुरंमेंढरं घेऊन वर जायचं, तिथलं उन्हाळी घर ते 'हावोद'. वर राहायला जाणं केव्हाच बंद झालं, पण एरारीच्या नकाशावर बोट फिरवलं तर दर थोड्या अंतरावर कुठल्यातरी शेताचं नाव हावोदनं सुरू होतं, आणि ते बहुतेक वेळा गडगा संपून पीट सुरू होतं त्याच्या आसपासच असतं.