जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींवरची पुस्तकं: कोणत्या पानावर किती विसंबायचं

ट्रायम्फचा १९५९ चा छापील कॅटलॉग उघडला तर त्यात बॉनव्हिल सापडत नाही. पुढे जिच्या नावाने कंपनी जगभर ओळखली गेली, ती गाडी त्याच हंगामात बाजारात आली. पण ती काढायचा निर्णय इतका उशिरा झाला की तोवर कॅटलॉग छापून झाला होता. केवळ त्या कॅटलॉगवर भिस्त ठेवणारा माणूस १९५९ ची बॉनव्हिल नव्हतीच असं छातीठोकपणे सांगेल. टँजरीन आणि पर्ल ग्रे रंगातल्या त्या वर्षीच्या गाड्या मात्र आजही संग्राहकांकडे आहेत.

जुनी ब्रिटिश गाडी मूळ रूपात आणायला बसलेल्या प्रत्येकाला असा पेच पडतो. पुस्तकं भरपूर असतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. लेखकांचा हलगर्जीपणा याला थोडाफार कारण आहेच, पण खरं कारण त्याआधीचं आहे: ही पुस्तकं ज्या कागदांवरून लिहिली गेली, ते कागद कुणासाठी आणि कधी तयार झाले होते.

ब्रिटिश कारखान्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नसे. उन्हाळ्याची सुट्टी संपली की ऑगस्ट-सप्टेंबरात पुढच्या वर्षाची मॉडेलं बनू लागत. त्यामुळे १९५६ चं मॉडेल म्हणून विकलेली गाडी १९५५ च्या ऑक्टोबरात तयार झालेली असू शकते. ट्रायम्फ आणि बर्मिंगहॅमची बीएसए या कंपन्यांनी १९६९ च्या मॉडेलांपासून इंजिन आणि फ्रेमच्या नंबरात दोन अक्षरं ठोकायला सुरुवात केली. पहिलं अक्षर महिन्याचं, दुसरं मॉडेल-वर्षाचं. ‘एन’ म्हणजे ऑक्टोबर आणि ‘सी’ म्हणजे १९६९. पण ‘एनसी’ अक्षरांची गाडी बनलेली असते ऑक्टोबर १९६८ मध्ये. एका लेखकाने बनावटीचं वर्ष धरलं आणि दुसऱ्याने मॉडेलचं, की दोन पुस्तकांत एका वर्षाची तफावत पडते. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

कारखान्यातून निघालेल्या कागदांचीही एक उतरंड होती. कॅटलॉग गिऱ्हाइकासाठी. तो उत्पादन सुरू होण्याआधी तयार व्हायचा, त्यातले फोटो बऱ्याचदा नमुन्याच्या गाडीचे असायचे आणि त्यांवर ब्रशही फिरलेला असायचा. टाकीवरची रेघ किंवा मडगार्डचा रंग ठरवायला तो सर्वांत कच्चा पुरावा, आणि नेमका तोच सर्वांत जास्त वापरला जातो. पार्ट्स लिस्ट दुकानातल्या स्टोअरकीपरसाठी. तिच्यातली चित्रं वर्षानुवर्षं तीच वापरली जात, म्हणून चित्रांवर जाऊ नये; पण ‘अमुक इंजिन नंबरपासून पुढे हा पार्ट’ अशी नोंद तिथे असेल तर ती सोन्यासारखी जपावी. चुकीचा पार्ट पाठवला तर कारखान्यालाच भुर्दंड पडणार असल्यामुळे ती नोंद काळजीपूर्वक केलेली असते. वर्कशॉप मॅन्युअल विक्रेत्याच्या मेकॅनिकसाठी असे. नंतरच्या सुधारणा वेगळ्या पत्रकांनी कळवल्या जात आणि ही पत्रकं मॅन्युअलच्या आत क्वचितच टिकली.

१९७२ च्या नॉर्टन कमांडोवरून हे स्पष्ट होतं. त्या वर्षी कॉम्बॅट नावाचं जास्त ताकदीचं इंजिन आलं, कॉम्प्रेशन १०:१. मेन बेअरिंगं ते सोसू शकली नाहीत आणि त्याच वर्षात सुपरब्लेंड नावाची जास्त दणकट बेअरिंगं आणावी लागली. टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांत ठेवायच्या फटीचं, अंतरही वेगळं. साध्या कमांडोला इनलेट ०.००६ आणि एक्झॉस्ट ०.००८ इंच, तर कॉम्बॅटच्या कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्याच्या दांड्याला) ०.००८ आणि ०.०१० इंच. ‘१९७२ ची कमांडो’ या एका मथळ्याखाली एकच आकडा देणारं पुस्तक त्या वर्षीच्या कुठल्या ना कुठल्या गाडीला चुकीचा सल्ला देतंच. इंजिनात कोणता कॅम आहे हे आधी पाहायचं, पान नंतर उघडायचं.

१९७१ च्या ट्रायम्फबद्दलही तेच. फ्रेमच्या नळीतच ऑईल साठवणारं नवं डिझाइन अंबरस्लेड हॉलच्या संशोधन केंद्रातून मेरिडेनच्या कारखान्यात आलं तेही उशिरा. आणि आल्यावर कळलं की रॉकर बॉक्स (इंजिनाच्या माथ्यावरचे डबे) लावलेलं इंजिन फ्रेममध्ये बसतच नाही. मग बदल करावे लागले. अशा वर्षाबद्दल ‘सर्व गाड्यांना अमुक पार्ट’ असं वाक्य दिसलं की मी ते पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवतो, खात्री होईपर्यंत.

कागद जपून ठेवणारेही सगळे राहिले नाहीत. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्रीवर झालेल्या बॉम्बफेकीत ट्रायम्फचा प्रायरी स्ट्रीटचा कारखाना उद्ध्वस्त झाला आणि युद्धापूर्वीचं दप्तर गेलं. पाचच दिवसांनी बर्मिंगहॅमला बीएसएच्या स्मॉल हीथ कारखान्यावर बॉम्ब पडले, ५३ कामगार मेले. पुढे कारखाने स्वतःच कोसळत गेले. व्हिन्सेंट १९५५ मध्ये थांबली, एजेएस-मॅचलेसची पालक कंपनी १९६६ मध्ये बुडाली, १९७० ला इंग्लंडमधली रॉयल एनफील्ड आणि १९७१ ला व्हेलोसेट बंद झाली, १९७३ ला बीएसएचं साम्राज्य संपलं. कंपनीच उरली नाही, तर चुकांची दुरुस्ती कोण छापणार?

जे वाचलं ते मुख्यतः क्लबांमुळे. व्हिंटेज मोटर सायकल क्लब १९४६ चा, व्हिन्सेंट ओनर्स क्लब १९४८ चा. कारखान्याच्या पाठवणीच्या वह्या, म्हणजे कोणत्या नंबरची गाडी कोणत्या तारखेला कोणत्या विक्रेत्याकडे गेली याच्या नोंदी, आज अनेक कंपन्यांच्या बाबतीत अशा क्लबांकडेच आहेत. माझ्या मते या विषयातला सर्वांत भरवशाचा कागद तोच. कुणाला खूश करायला किंवा काही विकायला तो लिहिलेला नाही.

१९७० आणि ८० च्या दशकांत जुन्या गाड्यांचा छंद वाढला आणि पुस्तकांचा पूर आला. जुन्या मॅन्युअलांच्या जशाच्या तशा प्रती निघाल्या. हेन्स या ब्रिटिश प्रकाशकाची मॅन्युअलं प्रत्यक्ष गाडी खोलून लिहिली जात, ही त्यांची मोठी ताकद; पण समोरची एक गाडी म्हणजे त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या नव्हेत. मॉडेलवार रंग आणि नंबरांचे तक्ते देणारी संग्राहकांची पुस्तकंही याच काळातली. एकट्या माणसाने वीस-पंचवीस वर्षांचं उत्पादन दोनशे पानांत बसवायचं म्हटल्यावर चुका राहणारच. त्या कष्टांचं ऋण मी मानतो. खरं नुकसान त्यापुढे झालं. पुस्तकातलं वाचून मालकाने मूळ रंग खरवडून ‘बरोबर’ रंग दिला, गाडी प्रदर्शनात बक्षीस घेऊन आली, तिचा फोटो पुढच्या पुस्तकात छापला गेला आणि आधीची चूक आता पुराव्यासकट सिद्ध झाली. टाकीच्या टोपीखाली, सीटच्या आत, हेडलाइटच्या मागे उरलेला मूळ रंगाचा थर खरवडण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा, ही विनंती म्हणूनच कळकळीने करतो. तो थर एकदा गेला की जगातलं कुठलंही पुस्तक तो परत देऊ शकत नाही.

किमती चढल्या तशा नकली गाड्याही आल्या. बीएसएची रॉकेट गोल्ड स्टार १९६२-६३ मध्येच निघाली. बीएसएच्याच साध्या ए१० मॉडेलचे पार्ट जुळवून तिचं सोंग उभं करता येतं. खऱ्या गाडीच्या फ्रेमचा नंबर जीए१० ने आणि इंजिनाचा डीए१०आर ने सुरू होतो, हे पुस्तक सांगतं. पण खोटी अक्षरं ठोकणाऱ्यानेही तेच पुस्तक वाचलेलं असतं. अशा वेळी पाठवणीच्या वहीतल्या नोंदीशी नंबर ताडून पाहण्याला पर्याय नाही. व्हिन्सेंटच्या युद्धोत्तर ट्विनला (दोन सिलिंडरच्या गाडीला) कारखान्यानेच सोय करून ठेवली आहे: इंजिनाच्या नंबरात १९०० मिळवले की फ्रेमचा नंबर. इंजिन ३००० असेल तर फ्रेम ४९००.

उलट, नंबर जुळत नाहीत म्हणून गाडी खोटी ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धात बीएसएच्या एम२० या लष्करी गाड्या सव्वा लाखाच्या आसपास बनल्या आणि लष्करी वर्कशॉपमध्ये त्यांची इंजिनं सर्रास अदलाबदल झाली. लष्कराच्या जुन्या मालाच्या विक्रीतून (डिस्पोजलमधून) नागरी हातात गेलेल्या अशा गाडीचे दोन नंबर दोन वर्षांचे असले तर तो तिचा खराखुरा इतिहास आहे.

बोल्टच्या आट्यांबद्दल बहुतेक पुस्तकं गप्प असतात. आट्यांच्या वेगवेगळ्या जाती आहेत: ५/१६ इंचाच्या बोल्टला इंचात सायकल थ्रेड या जातीचे २६ आटे, बीएसएफ या ब्रिटिश जातीचे २२ आणि यूएनएफ या नव्या जातीचे २४. १९६८-६९ च्या सुमारास ट्रायम्फ आणि बीएसए हळूहळू यूएनएफकडे वळल्या, त्यामुळे एकाच गाडीवर दोन जातींचे बोल्ट मिळतात. पाना जोर लावून फिरवण्याआधी थ्रेड गेज (आटे मोजायची पट्टी) लावावा. ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे एकदा गेले की तिथे नवा इन्सर्ट बसवत बसावं लागतं.

आपल्याकडच्या बुलेटवाल्यांना हा घोळ वेगळ्या वाटेने भेटतो. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफील्डने मिळून एनफील्ड इंडिया सुरू केली. रेडिचला बुलेट १९६२ पर्यंत बदलत राहिली, मद्रासला मात्र पंचावनच्या सुमाराचंच डिझाइन पुढे चालू राहिलं. म्हणून १९६० च्या इंग्लिश बुलेटचं मॅन्युअल त्याच सालच्या मद्रासच्या गाडीला लावू नये. तिला त्याआधीचं, पंचावन-छपन्नचं रेडिच मॅन्युअल जास्त जवळचं.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. गाडी मूळ रूपात असावी, चॅसिस आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी त्यात अट आहे. मूळ रूप कोणतं हे दाखवायला अनेकजण कॅटलॉगचं पान पुढे करतात. इंग्लंडहून थेट मुंबईच्या विक्रेत्याकडे आलेल्या गाडीची नोंदही पाठवणीच्या वहीत असू शकते, त्यामुळे आधी क्लबकडे नंबर पाठवून तारखेचा दाखला मागवावा. त्यासाठी इंजिनावरचा आणि फ्रेमवरचा नंबर रंग काढून नीट वाचायचा, पण पॉलिश पेपरने घासायचा नाही.