महानगरी उत्पन्न व संपत्ती (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

अमेरिकेतील महानगरी क्षेत्रांतील घरांचे उत्पन्न आणि निव्वळ मत्ता (मालमत्ता वजा देणी) यांची तुलना करण्याची सांख्यिकीय पद्धती. उत्पन्न हा वर्षभराचा ओघ, तर संपत्ती हा एखाद्या दिवशीचा साठा. उत्पन्नाचे महानगरवार आकडे दरवर्षी मिळतात. संपत्तीचे तसे आकडे सरकारी यंत्रणा नियमितपणे प्रसिद्ध करीत नाही. त्यामुळे ‘सर्वांत श्रीमंत महानगर’ या मथळ्याखाली बहुधा उत्पन्नाचीच क्रमवारी छापलेली असते.

उगम : जनगणनेने संपत्तीची चौकशी उत्पन्नाच्या कितीतरी आधी केली. १८५० च्या जनगणनेत स्थावर मालमत्तेची किंमत विचारली गेली. १८६० व १८७० मध्ये जंगम मालमत्तेचा रकानाही होता. दक्षिणेकडील राज्यांत १८६० च्या जंगम आकड्यात गुलामांची किंमत धरलेली असल्याने त्या दोन जनगणनांची तुलना जपूनच करावी लागते. १८८० मध्ये हे प्रश्न वगळण्यात आले. उत्पन्नाचा प्रश्न आला तो १९४० मध्ये, आणि तोही आदल्या वर्षीच्या पगार-मजुरीपुरता. ५,००० डॉलरपुढचा आकडा ‘५,०००+’ एवढाच लिहीत. इतर मिळकत ५० डॉलर वा अधिक आहे का, याचे उत्तर हो किंवा नाही असे घेत. प्रगणकाला पगार सांगणे ज्यांना नकोसे वाटे त्यांना माहिती टपालाने परस्पर कळविण्याची मुभा होती. एकूण उत्पन्न १९५० पासून विचारले जाऊ लागले.

‘महानगर’ हे एकक केव्हापासून मानायचे, याविषयी एकमत नाही. काहीजण त्याचे मूळ १९०५ च्या कारखानदारीच्या गणनेतील ‘औद्योगिक क्षेत्रां’पर्यंत नेतात, तर काहीजण १९१० च्या जनगणनेतील महानगरी जिल्ह्यांपर्यंत. हे जिल्हे मात्र लोकवस्तीच्या दाटीवरून, टाउनशिपसारखे लहान घटक जुळवून आखलेले होते. काउंटी हा (आपल्याकडील जिल्ह्याशी ढोबळपणे ताडता येणारा) पाया धरून १९४९ मध्ये अर्थसंकल्प कचेरीने जी प्रमाणित महानगरी क्षेत्रे ठरविली, त्यांच्यापासून सुरुवात मानणे उत्पन्नाच्या अभ्यासकाला अधिक सोयीचे. कारण कर, वेतन, घरभाडे यांचे आकडे काउंटीवारच जमा होतात.

सीमा : सध्याच्या व्याख्येनुसार किमान ५०,००० वस्तीचा नागरी गाभा, तो ज्यात आहे त्या काउंट्या, आणि कामासाठी जा-ये करण्याने त्यांच्याशी बांधलेल्या शेजारच्या काउंट्या मिळून एक महानगर होते. ही बांधिलकी २५ टक्क्यांची असावी लागते. म्हणजे बाहेरच्या काउंटीतील कामकऱ्यांपैकी निदान चौथा हिस्सा मध्यवर्ती काउंट्यांत कामाला जावा, किंवा तेथील निदान चौथा हिस्सा नोकऱ्या मध्यवर्ती काउंट्यांतून येणाऱ्यांकडे असाव्यात. ५०,००० ची अट १,००,००० वर नेण्याची सूचना २०२१ मध्ये पुढे आली होती. ती स्वीकारली गेली नाही. जुलै २०२३ च्या आखणीत प्वेर्तो रिको सोडून ३८७ महानगरे आहेत.

काउंटीचा पाया सोयीचा असला तरी त्याचे परिणाम कधीकधी चमत्कारिक होतात. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो आणि मेन्लो पार्क ही गावे सॅन फ्रान्सिस्किटो या ओढ्याच्या दोन काठांवर आहेत. पुलावरून पायी पलीकडे जाता येते. पण पालो आल्टो सांता क्लारा काउंटीत, म्हणून त्याचे उत्पन्न सॅन होजे महानगरात जमा. मेन्लो पार्क सॅन मटेओ काउंटीत, म्हणून ते सॅन फ्रान्सिस्को–ओकलंडच्या खाती. ईस्ट पालो आल्टो नावाने पालो आल्टोचे असले, तरी काउंटीने मेन्लो पार्कच्या बाजूचे. सॅन होजे दोन काउंट्यांचे आटोपशीर महानगर आहे, आणि सिलिकॉन व्हॅलीचा मोठा भाग त्यात एकवटलेला असल्याने ते यादीत इतके वर दिसते. ही दोन्ही महानगरे आणि आसपासची आणखी काही मिळून होणारे ‘संयुक्त क्षेत्र’ घेतले, तर तोच आकडा खाली येतो. लॉस एंजेलिसचेही असेच. त्याच्या पूर्वेचा रिव्हरसाइड–सॅन बर्नार्डिनो हा तुलनेने स्वस्त पट्टा स्वतंत्र महानगर धरला जातो, आणि त्यात मोहावी वाळवंटाचा मोठा भागही येतो.

‘घर’ आणि ‘उत्पन्न’ : एका निवासात राहणाऱ्या सर्वांच्या गटाला या नोंदीत ‘घर’ म्हटले आहे, ‘कुटुंब’ हा शब्द रक्ताचे, विवाहाचे वा दत्तक नाते असलेल्यांपुरता. भाड्याच्या घरात एकत्र राहणारे तीन अभियंते नात्याने परके असले, तरी घरटी उत्पन्नात त्यांचे तिन्ही पगार एकत्र मोजले जातात. वसतिगृहे, तुरुंग, सैन्याच्या बराकी यांतील लोक या मोजणीत नसतात. वसतिगृहाबाहेर खोली घेऊन राहणारे विद्यार्थी मात्र असतात. त्यामुळे पेनसिल्व्हेनियातील स्टेट कॉलेजसारखी विद्यापीठाची गावे आहेत त्याहून गरीब दिसतात.

मुख्य स्रोत म्हणजे जनगणना विभागाचे ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’. ते २००५ पासून पूर्ण प्रमाणात चालू असून वर्षाला सुमारे ३५ लाख पत्ते निवडले जातात. त्यात करपूर्व रोख उत्पन्न मोजतात. शेअर किंवा घर विकून झालेला भांडवली नफा आणि अन्नसाहाय्य त्यात नसते. याच विभागाच्या दुसऱ्या पाहणीतून (चालू लोकसंख्या पाहणीची वार्षिक पुरवणी) वेगळा आकडा निघतो. २०२३ साठी देशाचे मध्यक (निम्मी घरे ज्याच्या वर व निम्मी खाली असतात ते) घरटी उत्पन्न पहिल्या पाहणीनुसार ७७,७१९ डॉलर, तर दुसरीनुसार ८०,६१० डॉलर होते. पहिली पाहणी वर्षभर चालते व ‘मागील बारा महिने’ विचारते. दुसरी वसंताच्या सुमारास मागील कॅलेंडर वर्षाबद्दल विचारते. महानगरांच्या तुलनेला पहिलीच वापरतात, कारण दुसरीचा नमुना त्या मानाने तोकडा आहे. पहिलीनुसार सॅन होजेचा मध्यक अलीकडे दीड लाख डॉलरच्या आसपास असून टेक्ससमधील मेक्सिको सीमेलगतच्या मॅकॅलन, ब्राउन्सव्हिल यांचा त्याच्या सुमारे एक तृतीयांश आहे.

आर्थिक विश्लेषण विभागाचे दरडोई उत्पन्न हे वेगळेच माप. त्यात मालकाने भरलेला आरोग्यविमा, मेडिकेअर व मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांचे लाभ हे सारे येते. खाजगी निवृत्तिवेतन मात्र हातात पडते तेव्हा न धरता, त्याच्या निधीत भरणा होतो तेव्हा धरतात. ते सरासरी असल्याने थोड्या धनवंतांनीही वर चढते. व्याज-लाभांशावर जगणाऱ्या निवृत्तांचे फ्लॉरिडातील नेपल्स, तेलाचे भाव चढले की वर येणारे टेक्ससमधील मिडलंड, हेज फंडांचे (धनिकांचा पैसा गुंतविणाऱ्या खाजगी निधींचे) ब्रिजपोर्ट–स्टॅम्फर्ड अशी नावे म्हणूनच दरडोई यादीत ठळक असतात. सर्वसाधारण घराची स्थिती पाहायची तर मध्यकच ग्राह्य धरणे बरे.

किंमतपातळी : देशाची पातळी १०० धरून आर्थिक विश्लेषण विभागाचे प्रादेशिक किंमत निर्देशांक काढले जातात. सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस ११० च्या वर, तर मॅकॅलन ९० च्या खाली असते. यातील मोठी तफावत घरभाड्याची. दूध-पेट्रोलची त्या मानाने कमी. १९६० च्या दशकात ठरलेली अधिकृत दारिद्र्यरेषा मात्र लॉस एंजेलिस आणि मॅकॅलनला एकच लागू होते. याउलट गृहनिर्माण खाते घरसाहाय्यासाठीच्या उत्पन्नमर्यादा स्थानिक मध्यकावरून ठरवते. २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को, मरिन व सॅन मटेओ या काउंट्यांत वर्षाला १,१७,४०० डॉलर मिळविणारे चौघांचे कुटुंबही ‘अल्प उत्पन्न’ गटात बसत होते.

संपत्ती : येथे साधने विरळ होतात. फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेची ग्राहक-वित्त पाहणी १९८३ पासून दर तीन वर्षांनी होते. २०२२ मध्ये देशाची मध्यक निव्वळ मत्ता १,९२,९०० डॉलर, तर सरासरी सुमारे १०.६ लाख डॉलर निघाली. पण नमुना साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबांचा; तो ३८७ महानगरांत वाटला तर एकेकाच्या वाट्याला डझनभर कुटुंबेही धड येत नाहीत. शिवाय उत्तरदात्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून प्रसिद्ध संचातून ठिकाण वगळलेले असते. काहीजण कर विवरणांतील व्याज-लाभांशावरून मागे जाऊन मत्तेचा अंदाज बांधतात, काहीजण या पाहणीची जनगणनेशी सांगड घालून गणिती अनुमान काढतात. दोन्ही अंदाजच आहेत.

उत्पन्नावरून संपत्ती ताडणे विशेषतः कॅलिफोर्नियात फसवे ठरते. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ नुसार घरपट्टीचे मूल्यांकन खरेदीच्या किमतीवर होते व वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढत नाही. त्यामुळे सत्तरच्या दशकात सॅन होजेत घर घेतलेले निवृत्त जोडपे मामुली पेन्शनवर तेथेच राहू शकते. उत्पन्नाच्या यादीत ते तळाशी, मत्तेच्या यादीत लक्षाधीश. शेजारचे भाडेकरू अभियंता दांपत्य याच्या बरोबर उलट.

एकाच महानगरातील दरीचा बहुचर्चित आकडा बॉस्टनचा आहे. तेथील फेडरल रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात गोऱ्या घरांची मध्यक निव्वळ मत्ता २,४७,५०० डॉलर, तर स्थलांतरित नसलेल्या कृष्णवर्णीय घरांची ८ डॉलर दिली आहे. हा आकडा अनेकांना छापील चूक वाटला. ती चूक नव्हती. नमुना लहान होता हे मान्य करूनही, त्यातील निम्म्या कृष्णवर्णीय घरांची देणी मालमत्तेच्या जवळजवळ बरोबरीची किंवा तिच्याहून जास्त होती, असाच त्याचा अर्थ होतो.

मराठी भाषकांचे महानगरवार उत्पन्न प्रसिद्ध कोष्टकांतून काढता येत नाही. घरात बोलल्या जाणाऱ्या भाषांच्या सविस्तर कोष्टकातही मराठी ‘नेपाळी, मराठी व इतर भारतीय-आर्य भाषा’ अशा एकाच ओळीत मोडते. सूक्ष्म आधारसामग्रीत (एकेका व्यक्तीच्या निनावी नोंदींत) तिला वेगळा संकेतांक आहे, पण बहुतेक महानगरांत नमुना इतका अपुरा पडतो की मध्यक काढण्यात अर्थ उरत नाही.