हाय डिडक्टिबल हेल्थ प्लॅनला जोड कव्हर (अमेरिका)

अमेरिकेत ज्या हेल्थ इन्शुरन्सचा प्रीमियम कमी असतो पण सुरुवातीचा मोठा खर्च (म्हणजेच डिडक्टिबल) आपल्याच खिशातून जातो त्याला हाय डिडक्टिबल हेल्थ प्लॅन म्हणतात, आणि तो खिशातला भाग भरून काढायला लोक त्याच्या जोडीला जे काही घेतात, म्हणजे एचएसए (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, वैद्यकीय खर्चासाठी टॅक्स वाचवून पैसे साठवायचं खातं), अपघात पॉलिसी, हॉस्पिटल पॉलिसी, गंभीर आजाराची पॉलिसी वगैरे, ते सगळं जोड कव्हर किंवा गॅप कव्हरमध्ये येतं.

एचएसएसाठी चालणाऱ्या प्लॅनचे आकडे सरकारचा टॅक्स विभाग म्हणजे आयआरएस दरवर्षी ठरवतो. २०२६ साठी एकट्याच्या प्लॅनचं डिडक्टिबल कमीत कमी १,७०० डॉलर आणि फॅमिलीचं ३,४०० डॉलर असावं लागतं, आणि नेटवर्कमधल्या (प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांच्या) उपचारांसाठी वर्षभरात खिशातून जाणारी रक्कम एकट्याला ८,५०० आणि फॅमिलीला १७,००० डॉलरच्या वर जाऊ शकत नाही (प्रीमियम यात धरत नाहीत).

लोकांना वाटतं गॅप म्हणजे फक्त डिडक्टिबल, पण तसं नाहीये. समजा डिडक्टिबल ३,००० डॉलर आहे, त्यानंतर २० टक्के आपण भरायचे आणि वर्षाची कमाल मर्यादा ७,००० डॉलर. ऑपरेशनचं बिल २०,००० डॉलर आलं तर आधी ३,००० जातात, मग उरलेल्या १७,००० चे २० टक्के म्हणजे ३,४००, एकूण ६,४०० डॉलर. आणि बहुतेक प्लॅनचं वर्ष १ जानेवारीला नव्याने सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरात ऑपरेशन आणि जानेवारीत पुढचे उपचार असले की डिडक्टिबल परत पहिल्यापासून. दात आणि डोळे तर मोठ्यांच्या प्लॅनमध्ये बहुतेक वेळा नसतातच. वार्षिक तपासणी, लसी असल्या प्रिव्हेंटिव्ह गोष्टी मात्र डिडक्टिबलच्या आधीच कव्हर होतात, तिथे गॅप नाही.

हा गॅप भरायचा पहिला मार्ग एचएसए, आणि बाकी सगळं त्याच्यानंतर बघावं असं माझं ठाम मत आहे. हे खातं २००३ च्या मेडिकेअर (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी हेल्थ इन्शुरन्स) कायद्यातून आलं आणि २००४ पासून सुरू झालं. २०२६ मध्ये एकट्याला ४,४०० आणि फॅमिलीला ८,७५० डॉलर टाकता येतात, ५५ पूर्ण असतील तर आणखी १,०००. टाकताना फेडरल टॅक्स नाही, वाढताना नाही, वैद्यकीय खर्चासाठी काढताना नाही, आणि पगारातून परस्पर कापून घेतलं तर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअरच्या टॅक्सचे ७.६५ टक्केही वाचतात. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही राज्यं स्वतःच्या टॅक्समध्ये ही सूट देत नाहीत. वर्ष संपलं म्हणून पैसे बुडत नाहीत. पण खातं उघडायच्या आधीचं बिल त्यातून भरता येत नाही, म्हणून प्लॅन सुरू झाला की थोडे का होईना पैसे टाकून खातं लगेच उघडून ठेवावं.

दुसरा मार्ग ठराविक रक्कम देणाऱ्या पॉलिसींचा. या बिल बघून पैसे देत नाहीत, घटना बघून देतात. हाड मोडलं इतके, ॲडमिट झालात इतके, कॅन्सरचं निदान झालं तर एकरकमी इतके, आणि ते पैसे सहसा आपल्या हातात येतात, घरभाड्यालाही वापरता येतात. वरच्याच उदाहरणात पॉलिसी ॲडमिट झाल्यावर १,५०० आणि रोजचे २०० देत असेल आणि मुक्काम तीन दिवसांचा असेल तर २,१०० मिळाले, तरी ४,३०० आपल्याच अंगावर! शिवाय रात्रभर हॉस्पिटलमध्ये झोपवून कागदावर नुसतं 'ऑब्झर्वेशन' लिहिलं असेल तर कित्येक पॉलिसी ते ॲडमिशन धरत नाहीत, आधीपासूनचे आजार आणि बाळंतपण यांना वेटिंग पिरियड असू शकतो, तेव्हा माहितीपत्रक नाही तर मूळ पॉलिसी वाचा. आणि या पॉलिसींचे प्रीमियम एचएसएमधून भरता येत नाहीत, हे पुष्कळ जणांना माहीतच नसतं.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे चुकीची जोड घेतली की एचएसएत पैसे टाकायचा हक्कच जातो. अपघात, डिसॅबिलिटी, दात, डोळे, लाँग टर्म केअर, विशिष्ट आजार आणि हॉस्पिटलमध्ये दिवसाला ठराविक रक्कम देणाऱ्या पॉलिसी चालतात. डिडक्टिबलच्या आधीच सर्वसाधारण दवाखान्याची बिलं भरणारं दुसरं कव्हर चालत नाही. यात सर्रास अडकवणारी गोष्ट म्हणजे जोडीदाराच्या ऑफिसातलं साधं एफएसए (फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट, पगारातून टॅक्सआधी कापून वैद्यकीय खर्चासाठी ठेवायचं ऑफिसचं खातं), कारण त्यातून आपलीही बिलं भरता येतात म्हणून आपण अपात्र ठरतो, मग आपण त्यातला एक डॉलर वापरलेला नसला तरी. फक्त दात आणि डोळ्यांपुरतं असलेलं लिमिटेड पर्पज एफएसए चालतं. मेडिकेअर सुरू झालं की एचएसएत भरणं थांबवावं लागतं, आणि ६५ नंतर उशिरा नाव घातलं तर पार्ट ए (मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग) सहा महिन्यांपर्यंत मागच्या तारखेने लागू होतं, म्हणून भरणं तितकं आधीच थांबवावं. हक्क नसताना भरलेले पैसे वेळेत काढले नाहीत तर दरवर्षी ६ टक्के दंड बसत राहतो.

२०२५ च्या नव्या टॅक्स कायद्याने थोडं मोकळं केलंय. १ जानेवारी २०२६ पासून महिना ठराविक फी घेऊन प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे, म्हणजे डायरेक्ट प्रायमरी केअरमध्ये, नाव घातलं तरी एचएसएचा हक्क राहतो, फी एकट्याची १५० आणि फॅमिलीची ३०० डॉलरच्या आत असेल तर, आणि ही फी एचएसएमधून भरताही येते. मार्केटप्लेसवरचे (हेल्थ इन्शुरन्सच्या सरकारी बाजारातले) कमी प्रीमियमचे ब्राँझ आणि कॅटॅस्ट्रॉफिक प्लॅनही आता एचएसएसाठी पात्र धरले जातात.

ज्यांच्या खात्यात अजून काहीच साठलेलं नाही त्यांच्यासाठी एक रस्ता पॉलिसीविनाही आहे. ना-नफा हॉस्पिटलांना फेडरल टॅक्स कायद्यानुसार आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, आणि इन्शुरन्स असलेल्या माणसालाही त्याच्या वाट्याच्या बिलासाठी ते बऱ्याच ठिकाणी लागू होतं. पहिलं बिल आल्यापासून निदान २४० दिवस अर्ज करता येतो, म्हणजे बिल वसुलीवाल्यांकडे गेलेलं असलं तरी या मुदतीत अर्ज केला तर हॉस्पिटलला तो घ्यावाच लागतो.