डेथ कॅप भूछत्र आणि मोठे फळखाऊ वटवाघूळ

डेथ कॅप (अमॅनिटा फॅलॉइडिस) हे मूळचे युरोपातले जंगली विषारी भूछत्र, तर मोठे वटवाघूळ (टेरोपस मेडियस) हा भारतीय उपखंडातला सस्तन प्राणी. जोडी विजोड वाटते खरी. पण उत्क्रांतीच्या नात्याने कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची. म्हणजे भूछत्र ज्या झाडाखाली उगवते त्या झाडापेक्षा फांदीवर उलट्या लटकलेल्या वटवाघळाचे ते जवळचे नातलग ठरते.

नागपूरकरांच्या ओळखीचे यातले वटवाघूळच. जुन्या चिंचेवर, पिंपळावर त्यांची वस्ती असते. पंख पसरले की सव्वा ते दीड मीटर भरतात, म्हणून माणसे दचकतात. पण रक्ताशी त्याचा काही संबंध नाही. फळ चावून रस शोषायचा आणि चोथा थुंकायचा, एवढाच उद्योग. सकाळी झाडाखाली चोथ्याच्या चपट्या गोळ्या पडलेल्या दिसतात. वड, उंबर, मोह यांचे बी असेच दूरवर पोचते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की ही मंडळी पंखांनीच वारा घेतात आणि अंग चाटून ओले करतात. कायद्याने त्यांना बरीच वर्षे उपद्रवी ठरवले होते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. मात्र निपाह विषाणू या कुळातल्या वटवाघळांत आढळतो, तेव्हा त्यांनी उष्टावलेले फळ खाऊ नये.

डेथ कॅपचे उलटे. दिसायला साधे, चवीलाही चांगले, असे ते खाऊन वाचलेले सांगतात. ओक, चेस्टनट यांच्या मुळांशी त्याची भागीदारी असते. नागपूरभोवतीच्या सागाची सोयरीक वेगळ्या कवकांशी. डेथ कॅपमधले अ‍ॅमाटॉक्सिन हे विष पेशींमधली प्रथिननिर्मिती बंद पाडते. शिजवून वा वाळवून ते जात नाही. खाल्ल्यावर सहा ते बारा तास काहीच जाणवत नाही, मग उलट्या-जुलाब होतात, त्यानंतर दिवसभर बरे वाटते आणि नेमके तेव्हाच यकृत निकामी होत असते. साधारण ३० ग्रॅम, म्हणजे अर्धी टोपी, जिवावर बेतू शकते. चांदीचा चमचा काळा पडतो का पाहणे किंवा किड्यांनी खाल्लेले सुरक्षित मानणे, दोन्ही निव्वळ खुळ्या समजुती.

धोका ओळखण्यातल्या चुकीत आहे. भाताच्या पेंढ्यावर उगवणारे खाद्य टेकोडे, म्हणजे भूछत्रच, कोवळेपणी अंड्यासारखे असते, आणि डेथ कॅपही. परदेशी गेलेले आशियाई लोक इथेच फसले आहेत. उमललेली टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवली, तर पेंढ्यावरच्याची बीजाणूधूळ गुलाबी पडते, डेथ कॅपची पांढरी. अर्थात गुलाबी दिसली म्हणून कुठलेही टेकोडे कढईत टाकू नये.